दवातल्या कापसाचं वजन

गरोदर बाईचं अंग भरू लागलं की आमच्या भागात घरादाराला समाधान वाटतं. पायांवर सूज आली तरी तिलाही भरलेलं अंगच म्हणतात. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून हे लिहिते आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली, शेतकऱ्याघरची बाई. औषधांची नावं मला सांगता येणार नाहीत. माझ्यावर काय आलं, ते कसं कळलं आणि त्यातून कशी निभावले, एवढंच सांगते. वजनं मात्र जशी मोजली तशीच देते. मोजणं हे माझं रोजचं काम आहे.

काट्याजवळचं काम

आमचं शेत बाभुळगावच्या बाजूला, कापूस आणि तूर. वेचणीच्या दिवसांत गावातल्या आणि शेजारच्या तांड्यावरच्या बाया येतात. त्यांची मजुरी वजनावर असते. अंगणात तीन बांबू एकत्र बांधून त्यांना मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात बाईचं गाठोडं, दुसऱ्यात लोखंडी वजनं. आमच्या घरी हे काम माझ्याकडे आहे. मी सांगते त्या वेळी आम्ही मुंबई राज्यात होतो, आणि खेड्यात अजून किलो आले नव्हते. चाळीस शेरांचा मण, आणि शेर म्हणजे किलोहून थोडा कमी, असं समजून पुढचं वाचावं.

दिवाळीनंतर पहाटे दव पडतं. दवात वेचलेला कापूस हाताला गार लागतो आणि काट्यावर जड भरतो. तो जादा भार कापसाचा नसतो, पाण्याचा असतो. दुपारपर्यंत उडून जातो. म्हणून सकाळी वेचलेला कापूस अंगणात पसरायचा आणि ऊन खाल्ल्यावर मोजायचा, असा माझा नियम होता. बायांना तो मुळीच आवडत नसे. तांड्यावरची सोनीबाई त्या सगळ्यांची पुढारी. हात चलाख आणि जीभ त्याहून चलाख. मी सात महिन्यांची असताना ती गाठोडं सोडता सोडता मला म्हणाली, "मालकीणबाई, तुम्ही रोज जड होऊन राह्यल्या. तुम्हालेबी अंगणात पसरून दुपारी मोजा लागते."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या दिवसांत मला हसायला कारण होतं.

दोघांचं जेवण

माझं वय तेव्हा तेहतीस होतं. लग्नाला सोळा वर्षं झालेली, आणि मूल नव्हतं. दोनदा दिवस राहिले होते. एकदा पाचव्या महिन्यात गेलं, एकदा सातव्या. दोन्ही वेळा मी शेतात जात होते, त्यामुळे दोष कामावर आणि माझ्या काटकपणावर आला. सासूबाईंच्या माहेरचे लोक यांच्या दुसऱ्या लग्नाचं बोलून गेले होते. यांनी ते हसण्यावारी नेलं, पण ते बोलणं घरात राहिलं. ताटं वाढताना, दिवा लावताना ते मला ऐकू यायचं.

म्हणून तिसऱ्या वेळी सगळं उलट करायचं ठरलं. शेत बंद, विहीर बंद, दळण बंद. अंगणात बाज टाकून दिली आणि फक्त काट्याजवळ बसायची मुभा ठेवली. सकाळी उठल्याबरोबर डिंकाचा लाडू आणि दूध. जेवणात भाकरीवर तुपाची धार. दुपारी निजायचं. संध्याकाळी परत लाडू किंवा गूळ-शेंगदाणे. मला डोहाळे खारटाचे लागले. पापड, खारोड्या, आंब्याचं लोणचं, काही मागितलं की समोर यायचं. पोट भरलं असं म्हटलं तर सासूबाई ताटावरून उठू द्यायच्या नाहीत.

"दोघायचं खा लागते व माय," त्या म्हणायच्या. "एकाचं खाशीन तं एकच राहीन."

त्या कधी मोठ्याने बोलत नसत. हे वाक्यही साधंच असायचं, भाजीत मीठ किती ते सांगावं तसं. पण ते ऐकल्यावर मी ताट पुसून खायची. त्यांनी स्वतः चार गमावून दोन जगवली होती, हे मला ठाऊक होतं.

गुळाचा नवस

पाचवा महिना सुखरूप पार पडला तेव्हा सासूबाईंनी कळंबच्या चिंतामणीला नवस बोलला. सून आणि लेकरू सुखरूप राहिले तर सुनेच्या वजनाएवढा गूळ वाहीन. नवस फेडायचा होता बाळंतपणानंतर, पण गूळ आधीच घेऊन ठेवायचा त्यांचा विचार होता. नवा गूळ बाजारात येऊ लागला होता, आणि आणलेला गूळ घरात दिसत राहिला की मनाला धीर राहतो, असं त्या म्हणत. किती घ्यायचा ते कळावं म्हणून मला कापसाच्या तराजूत बसवलं.

तिसऱ्या महिन्यात गमतीने मोजलं होतं तेव्हा मी पन्नास शेर होते. पाचव्याच्या शेवटी सत्तावन्न. आता सातव्याच्या शेवटी अडुसष्ट. शेवटच्या दोन महिन्यांत अकरा शेर. आकडा ऐकून सासूबाईंचा चेहरा उजळला. यांनी यवतमाळहून अडुसष्ट शेर गूळ आणून माळवदाखालच्या खोलीत रचला. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया त्या भेल्यांकडे पाहायच्या, मग माझ्याकडे. लेकरू चांगलं दणकट होणार म्हणायच्या.

हातातल्या बांगड्या तेव्हाच फिरेनाशा झाल्या होत्या. पायातली जोडवी बोटांत रुतली होती. सकाळी उठल्यावर डोळे जड उघडायचे. मी सासूबाईंना दाखवलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, भरला हात सुवासिनीला शोभतो. मला ते पटलं. पटावंसं वाटत होतं, हे जास्त खरं.

दोन काटे

आठवा लागून काही दिवस झाले होते. सकाळपासून कपाळ ठणकत होतं. दुपारी मोजणी सुरू केली. सोनीबाईचं गाठोडं पारड्यात चढलं. मी मधल्या काट्याकडे पाहिलं तर मला दोन काटे दिसले. डोळे चोळले. दोन्ही काट्यांभोवती काजव्यांसारखे ठिपके फिरत होते. इतक्या वर्षांत काटा वाचायला मला कधी दुसऱ्यांदा पाहावं लागलं नव्हतं. मी अंदाजाने आकडा सांगितला.

सोनीबाई तिथेच उभी राहिली. तिला वाटलं मी पुन्हा काही कापून घेते आहे. "काय व मालकीण, पारडं त इकडं खाली हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वाकून पाहिलं आणि आवाज बदलला. "तुम्हाले काटा दिसून नाही राह्यला का?"

नाही दिसत, मी म्हणाले. तिने गोठ्याकडे तोंड करून यांना हाक मारली.

यांनी मला बाजेवर टेकवलं आणि पाय वर घेतला. नडगीवर अंगठा दाबला. कणकेत बोट दाबावं तसा खळगा पडला आणि तसाच राहिला. हे बराच वेळ त्या खळग्याकडे पाहत बसले. मग उद्या सकाळी यवतमाळला जायचं म्हणाले.

सासूबाई आडव्या आल्या. आठव्यात गरोदर बाईला वेशीबाहेर नेत नाहीत, ही आमच्याकडची रीत. सातवा चालतो, नववा चालतो, आठवा नाही. गाडीच्या हिसक्याने काही झालं तर कोण जबाबदार, असं त्या विचारत होत्या. हे कधी आईला उलट बोलत नसत. त्या दिवशीही आवाज चढवला नाही.

"माय, दोन खेपा घरीच ठेवलं होतं," एवढंच म्हणाले.

सकाळी सासूबाईंनीच गाडीत पेंढा पसरला, त्यावर दोन गोधड्या टाकल्या आणि स्वतः माझ्या उशाशी चढून बसल्या. सडकेपर्यंत बैलगाडी, पुढे मोटार.

हे वजन लेकराचं नाही

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या असाव्यात, बोलण्यावरून वाटलं. वय माझ्याएवढंच. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, पौंडांत मोजलं. मी मनात शेर केले. चौऱ्याहत्तर भरले. दंडाला पट्टा बांधून हवा भरली, पारा पाहिला, सोडून परत भरली. लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. वरचा भाग नासलेल्या दुधासारखा पांढरा झाला. सिस्टरने ती नळी बाईंना दाखवली आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. भीती मला त्या पाहण्याची वाटली.

मी विचारलं, लेकरू मोठं आहे ना? चौऱ्याहत्तर शेर भरले मी.

बाईंनी पोट चाचपून पाहिलं. "लेकरू लहान आहे," त्या म्हणाल्या. "महिन्यांच्या मानाने लहानच आहे. तुमचं हे वजन लेकराचं नाही, यात पुष्कळसं पाणी आहे. अंगात पाणी साठलंय आणि रक्ताचा दाब वाढलाय. दोघांच्याही जिवाला धोका आहे, खोटं सांगत नाही. पण वेळेवर आलात."

त्यांना दुसरं काही समजवावं लागलं नाही. पाण्याचं वजन म्हणजे काय ते मला माहीत होतं. सोनीबाईचं हसणं आठवलं. दुसऱ्यांचं गाठोडं ऊन दाखवल्याशिवाय मोजलं नाही मी, आणि माझं सगळ्यांनी ओलंच मोजलं होतं.

पहिलं काम जोडवी काढण्याचं. निघेनात. सिस्टरने बारीक पकडीने कापली. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मग तुकडे वेचून पदराच्या टोकाला बांधले.

बिनमिठाचे दिवस

खिडकीला निळं कापड लावलेली लहान खोली मिळाली. उजेड नको, बोलणं नको, उठणं नको. डाव्या कुशीवर पडून राहायचं. दिवसातून चारदा पट्टा, दोनदा नळी, सकाळी काटा. औषधाने सतत झोप यायची. जेवण बिनमिठाचं, म्हणजे वरण-भात, दूध, शिजवलेली भाजी. पहिले दोन दिवस मला ते गिळवेना. सिस्टर केरळची होती, मराठी अर्धीच यायची, पण तिने लिंबाची फोड आणून वरणावर पिळली आणि हाताने खूण केली, खा. लिंबाने मीठ विसरता येतं, हे मी तिच्याकडून शिकले. असं पथ्य ज्यांना सांगितलं असेल त्यांनी करून पाहावं.

भीती दिवसा कमी वाटायची. कारण दिवसा आकडे मिळायचे. पारा किती, काटा किती. आकडा वाईट असला तरी तो धरायला मिळतो. मी सिस्टरला रोज विचारायची आणि ती सांगायची. हीसुद्धा मेहेरबानीच. पुष्कळ ठिकाणी बाईला सांगत नाहीत.

एक दिवस सासूबाईंनी डब्यात आंब्याचं लोणचं आणलं. माझं सुकलेलं तोंड त्यांना पाहवलं नव्हतं. फोड कापडात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. मी खाल्ली नाही, परत दिली. त्याच वेळी हे आत आले. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. तूच तिला खाऊ घालून इथवर आणलं, लाडू, तूप, लोणचं, सगळं तुझं, असं हे आईला माझ्यासमोर म्हणाले. सासूबाईंनी फोड परत डब्यात ठेवली आणि झाकण लावत राहिल्या. ते काही केल्या लागेना.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी त्यांनाच विचारलं, सासूबाई समोर असताना. म्हटलं, हे खाण्यामुळे झालं का? बाई खुर्ची ओढून बसल्या.

त्या म्हणाल्या की गोष्टी दोन आहेत, त्या एकीत मिसळू नका. तूप-गूळ खाऊन आणि हालचाल बंद करून जे वजन वाढलं ते वाढलंच, तेवढं नको होतं. पोटात मूल आहे म्हणून जेवण दुप्पट लागत नाही, थोडंसंच जास्त लागतं. पण ही सूज आणि हा दाब खाण्यानेच आला असं म्हणता येत नाही. वेळेवर न जेवणाऱ्या, किडकिडीत बायांनाही येतो. नेमका कशाने येतो हे आम्हालाही पुरतं ठाऊक नाही.

मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "आई, चूक एवढीच झाली की वजन वाढलं की आपण आनंद करतो आणि कोणाला दाखवत नाही. दर महिन्याला दाखवायचं असतं. जाड असो की बारीक."

सासूबाईंनी मान हलवली. संध्याकाळी हे आले तेव्हा त्या बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. हेही जाऊन शेजारी बसले. दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही. दारातून पाहिलं तेव्हा हे डब्यातली भाकरी त्याच लोणच्याशी खात होते.

रडली ना?

दहा-अकरा दिवस दाब जागेवर राहिला, मग परत चढू लागला. बाईंनी यांना बोलावून सांगितलं की आता थांबण्यात जास्त धोका आहे, कळा आणाव्या लागतील. लेकरू दिवसांआधी येईल, लहान असेल, जगेल असा भरवसा देता येत नाही. यांनी विचारलं, आणि हिचं? बाई म्हणाल्या, हिच्यासाठीच करते आहे.

त्या कळांविषयी फार लिहीत नाही. ज्यांनी सोसल्या त्यांना माहीत आहेत, ज्यांना सोसायच्या आहेत त्यांना आधी भिववून काय उपयोग. लांबल्या एवढं खरं. मला मधूनच गुंगी यायची. शुद्ध येई तेव्हा मी आवाज ऐकायचा प्रयत्न करायची. मागच्या खेपेला आवाज आला नव्हता. म्हणून मी दुसऱ्या कशाकडे लक्षच दिलं नाही, फक्त कान लावून होते.

आवाज आला. बारीक, मांजरीच्या पिलासारखा. मग जरा मोठा.

मुलगी झाली होती. साडेचार पौंड, म्हणजे दोन शेरांच्या वर थोडी. दणकट लेकराच्या अपेक्षेने बसलेल्या सासूबाईंसमोर सिस्टरने ती कापसात गुंडाळलेली मूठभर पोर नेली. मला काळजी होती, मुलगी म्हणून काय म्हणतील, एवढीशी म्हणून काय म्हणतील. त्यांनी दोन्हीतलं काही काढलं नाही.

"रडली ना?" त्यांनी विचारलं. सिस्टर हो म्हणाली. "मंग झालं."

पोरीला बरेच दिवस कापसातच ठेवलं. दूध ओढायची ताकद नव्हती, वाटी-चमच्याने थेंब थेंब पाजलं. माझी सूज पहिल्या आठवड्यात इतकी उतरली की लघवीला उठून उठून मी थकले. डोळ्यांपुढचे ठिपके गेले. दवाखान्यातून निघाले तेव्हा काट्यावर एकोणसाठ शेर होते.

मी हिशेब केला तो असा. पन्नासाचे चौऱ्याहत्तर झाले, म्हणजे चोवीस वाढले. त्यांतले पंधरा तिथेच उतरले. पाचेक शेर लेकरू आणि त्याच्याबरोबर जे जातं ते, म्हणजे दहा शेर पाणी. उरलेले नऊ घरच्या तुपाचे आणि बाजेचे. हा माझा अंदाज आहे, बाईंनी त्यावर सही केलेली नाही. पण अशा घरातल्या कोणालाही मी एवढं सांगेन की आकडा कळला की आनंद करण्याआधी विचारा, तो कशाचा आहे. एका महिन्यात एकदम वाढला असेल, बांगडी फिरत नसेल, कपाळ दुखत असेल, डोळ्यांपुढे ठिपके येत असतील, तर आठवा-बिठवा पाहू नका. निघा.

कळंब

पोर मान धरू लागली तेव्हा नवस फेडायला गेलो. गाडीत गुळाच्या अडुसष्ट शेरांच्या भेल्या, मागच्या गाडीत घरची माणसं. सोनीबाईही आली. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, मला बोलावलं नाही तर पुढच्या वेचणीला तुमच्या शेताकडे फिरकणार नाही.

देवळाच्या आवारात तराजू टांगला. आमचाच, घरून आणलेला. सासूबाईंनी पोर माझ्या मांडीवर दिली आणि मी पारड्यात बसले. यांनी समोर भेल्या चढवल्या. बासष्ट शेरांवर काटा मधोमध आला. सत्तावन्न मी, पाच पोर. सहा शेर गूळ गाडीतच राहिला.

जमलेल्यांत कोणीतरी म्हणालं, देवाच्या नावाने आणलेला माघारी नेऊ नये, चढवून टाका. हे भेली उचलायला वाकले. सासूबाईंनी त्यांचा हात धरला.

"हिच्या वजनाचा बोलली होती मी, लेकरासकट तेवढा भरला," त्या म्हणाल्या. "राह्यला तो पाण्याचा होता. देवाले पाणी मोजून काहून देऊ?"

परतताना गाडी तांड्यावर थांबवली. सासूबाईंनी खाली उतरून तो सहा शेर गूळ वेचणीच्या बायांत स्वतः वाटला. सोनीबाईच्या वाट्याला आला तो मोठा तुकडा होता. तिने तो हातावर तोलला, वरखाली केला, नाकाशी नेला, मग माझ्या मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं.

"मालकीणबाई, वला त नाही ना?" तिने विचारलं.

"दुपारी मोजला," मी म्हटलं.